आयडीत पैसे दिसतात, खात्यात येत नाहीत: लोकायले नेमकं काय सांगायचं?

केंद्रचालक_आर्णी

नमस्कार मंडळी. गावपातळीवर सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, केवायसीसाठी येणारे लोक आता मोबाईल पुढे करून एकच गोष्ट विचारून राहिले: "गेमात पैसे हायेत, पण खात्यात येऊन नाही राहिले." ऑनलाइन कॅसिनोची आयडी व्हॉट्सॲपवर भेटते, स्कॅनरवर पैसे टाकले की आयडीत आकडा चढते. काढाच्या वेळी अडते. सोयाबीन, कापूस विकून खात्यात रक्कम आली की हे जास्तच होते.

मले चार गोष्टी पक्क्या समजून घ्याच्या आहेत.

खात्यातून पैसे कटले पण आयडीत चढले नाहीत, तं ते परत येतात का? दुसरं, विड्रॉल टाकलं की समोरचा "पहिले ३० टक्के टॅक्स भरा" म्हणते. जिंकलेल्या पैशावर सरकारी टॅक्स ३० टक्केच आहे असं सगळे सांगतात, मग हे मागणं खरं का खोटं? तिसरं, ज्यायचे पैसे निघाले त्यायच्यातल्याही काहीजणांचं खातं बँकेनं होल्डवर टाकलं, ते काहून? आणि चौथं, १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला तं पोलीस खेळणाऱ्यालेच धरतील या भीतीनं कोणी तक्रार करत नाही. ही भीती कितपत खरी?

कृपा करून उपदेश नको, लोक आधीच खाली मान घालून येतात. कागद, नंबर, पायऱ्या सांगा.

बँकशाखा_दिग्रस

भाऊ, पहिल्या प्रश्नापासून धरतो. पुढचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

"पैसे कटले, चढले नाहीत" असं कोणी म्हटलं की आधी यूपीआय ॲपमध्ये तो व्यवहार उघडा आणि स्थिती वाचा. फेल किंवा पेंडिंग असेल तर विषय बँकेचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, एखाद्या माणसाच्या खात्यावर पाठवलेली रक्कम तिथं जमा झाली नाही तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला पाहिजे. दुकानदाराच्या क्यूआरवर पाठवली असेल तर मुदत पाच दिवसांची. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती मागावी लागू नये असा नियम आहे. नाहीच आली तर ॲपमध्ये त्याच व्यवहाराखाली तक्रार टाका, मग शाखेत लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

स्थिती सक्सेस असेल तर मात्र पैसे समोरच्या खात्यात पोचलेले आहेत. आयडीत चढले नाहीत हे साइटचं आणि त्या माणसाचं प्रकरण. बँक ते उलटवू शकत नाही.

चढत का नाहीत, तेही समजून घ्या. या साइटींचं पैसे भरायचं पान उघडलं की एक यूपीआय आयडी किंवा क्यूआर येतो, वर पाच-दहा मिनिटांचं घड्याळ उलटं चालतं, खाली "यूटीआर टाका" असा रकाना असतो, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर. पुढच्या वेळी पान उघडलं की दुसराच आयडी. ही खाती त्यांची स्वतःची नसतात. कोणाच्या तरी नावावर उघडलेली, भाड्यानं घेतलेली असतात, आणि पोलिसांनी बंद केली की ते दुसरं लावतात. आपल्या माणसानं कालचा क्यूआर मोबाईलमध्ये जपून ठेवला आणि आज त्यावरच ३,००० टाकले, तर ते सोडून दिलेल्या खात्यात जातात. साइट सरळ हात वर करते. वेळ संपल्यावर भरलेले, यूटीआरचा एक आकडा चुकलेले, पानावर ५००.३७ सांगितलं असताना गोल ५०० पाठवलेले, हे सगळेही असेच लटकतात. ती पैशातली रक्कम कोणाचे पैसे कोणते हे ओळखण्यासाठी असते.

पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचायची सवय लोकांना लावा. तिथं बँकेच्या नोंदीतलं नाव दिसतं. कॅसिनोचे पैसे भरतो आहोत आणि नाव येतं कुठल्यातरी किराणा दुकानाचं किंवा परराज्यातल्या एखाद्या बाईचं, तर आपले पैसे कुठं चालले हे तिथंच कळतं.

आता यूटीआर. तुमच्या केंद्रात सर्वात जास्त उपयोगी पडेल ती ही गोष्ट. यूपीआयचा यूटीआर १२ आकडी असतो, त्यात अक्षर नसतं. फोनपेमध्ये वर दिसणारा T ने सुरू होणारा लांबलचक नंबर हा त्या कंपनीचा स्वतःचा आहे. यूटीआर त्याच पानावर वेगळा लिहिलेला असतो. गुगल पेमध्ये "यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी" म्हणून जो १२ आकडी आहे तो घ्या, त्याखालचा गुगलचा नको. तक्रारीत चुकीचा नंबर गेला की पैशाचा माग सुरुवातीलाच तुटतो, आणि तो चुकलेला आकडा दुरुस्त होईपर्यंत समोरच्या खात्यातून रक्कम निघून गेलेली असते.

हिशेब_मेहकर

टॅक्सचं सांगतो. आकडा खरा आहे, मागणं खोटं आहे. म्हणूनच लोक फसतात.

ऑनलाइन गेममधल्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून तो मुळातच कापायची तरतूद आली, १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १९४बीए. पण कापतो कोण आणि कशातून? देणारा कापतो, देण्याच्या रकमेतून, आणि तोही निव्वळ जिंकलेल्या पैशावर. समजा एखाद्यानं वर्षात एकूण २०,००० भरले, आधी ५,००० काढले आणि आता ४०,००० काढतो आहे. काढलेले ४५,०००, त्यातून भरलेले २०,००० वजा, निव्वळ जिंकले २५,०००. त्याचे ३० टक्के ७,५००. तेवढे ४०,००० मधून कापून ३२,५०० खात्यात यायला पाहिजेत. भारतात नोंदलेल्या कंपन्या पैशाचे खेळ चालवत होत्या तेव्हा असंच होत होतं, आणि कापलेले ७,५०० पॅनवर, फॉर्म २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या नोंदीत) दिसत होते.

"आधी आमच्या स्कॅनरवर १२,००० भरा, मग ४०,००० सोडतो" असं ना आयकर कायद्यात आहे, ना कोणत्या बँकेच्या नियमात. सरकारचा कर कोणाच्या खाजगी यूपीआयवर जात नाही. समोरच्याला एकच वाक्य लिहायला सांगा: "कर माझ्या रकमेतून कापा आणि उरलेले पाठवा." खरी रक्कम ज्याच्याकडं आहे त्याला यात काहीच अडचण नाही. ज्याच्याकडं फक्त स्क्रीनवरचा आकडा आहे तो शंभर कारणं देईल: सिस्टीम कापू देत नाही, खातं फ्रीज होईल, आज रात्री १२ पर्यंतच संधी आहे. टॅक्स भरला की व्हेरिफिकेशन चार्ज येते, तो भरला की "तुम्ही खात्याचा एक आकडा चुकवला, दुरुस्तीचे ५,०००", मग चॅनल अपग्रेड. मागणी थांबत नाही, माणूस थांबतो तेव्हाच थांबते.

आता ज्या साइटवर खरंच खेळ चालतो, तिथंही पैसे अडतात. तिथलं कारण बोनस. हे फार कमी लोकांना माहीत असते, म्हणून थोडं सविस्तर.

१,००० भरले, "१०० टक्के बोनस" म्हणून आणखी १,००० मिळाले, आयडीत २,००० दिसले. अटींमध्ये बारीक अक्षरात टर्नओव्हर लिहिलेला असतो, समजा २० पट, तोही भरणा आणि बोनस दोन्हींवर. म्हणजे पैसे काढण्याआधी २,००० गुणिले २०, एकूण ४०,००० रुपयांचे डाव लावले पाहिजेत. एका शून्याच्या रूलेटमध्ये (आकड्यांच्या फिरत्या चाकात) ३७ घरं असतात आणि जिंकल्यावर ३६ घरांच्या हिशेबानं पैसे मिळतात, म्हणून प्रत्येक १०० रुपयांच्या डावामागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडं जातात. ४०,००० वर ते होतात १,०८०. म्हणजे १,००० चा बोनस सोडवता सोडवता १,०८० जाणार. दोन शून्यांचं चाक असेल तर कपात १०० मागे ५ रुपये २६ पैसे, हिशेब आणखी वाईट. त्यातही बहुतेक ठिकाणी रूलेट, ब्लॅकजॅकचे डाव टर्नओव्हरमध्ये पूर्ण धरत नाहीत, १० किंवा २० टक्केच धरतात. पूर्ण धरतात ते स्लॉटचे. बोनस चालू असताना ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा एक जरी डाव लावला तरी सगळी जिंकलेली रक्कम रद्द करतात. आपला माणूस म्हणतो "लुटलं", ते अटीचा क्रमांक दाखवतात.

आणखी एक. विड्रॉल टाकल्यावर रक्कम २४ ते ४८ तास पेंडिंग ठेवतात आणि बाजूलाच "रद्द करून परत खेळा" हे बटण असते. पैसे समोर दिसत असतात, धीर सुटतो, माणूस रद्द करतो आणि रात्रीतून हरतो. ब्रिटनच्या जुगार आयोगानं ही सोय २०२१ मध्ये बंदच करून टाकली, एवढी ती घातक आहे. कोणाचं विड्रॉल पेंडिंग असेल तर त्याला सांगा, त्या बटणाला हात लावू नको, ॲपच उघडू नको.

पहिल्यांदा ५०० भरून ८०० लगेच खात्यात आले, याला कोणी पुरावा समजू नये. पहिला छोटा विड्रॉल देणं हा त्यांच्या धंद्याचा खर्च आहे. दहा हजारांच्या वर गेलं की किमान मर्यादा वाढते, केवायसी नव्यानं मागतात, आणि पॅन-आधारचे फोटो त्यांच्या हाती जातात ते वेगळंच.

शेतकरी_वाशिम

हिशेबभाऊ, पण एजंट लोक म्हणतात आमच्या साइटचं परदेशातलं लायसन आहे, त्यामुळं इथं कायदेशीर आहे. खालच्या बाजूला शिक्काही असते. आणि काहीजण यूपीआय नको, यूएसडीटी (डॉलरच्या भावाचं क्रिप्टो नाणं) घेऊन भरा म्हणतात. त्याचं काय?

हिशेब_मेहकर

परदेशातल्या लायसनचा इथं काही उपयोग नाही, कायद्याचं वकीलसाहेब सांगतीलच. पण लायसनवाला कॅसिनो ओळखायची एक सोपी खूण आहे. अशा कॅसिनोत पैसे ज्या मार्गानं भरले त्याच मार्गानं परत येतात, त्याच कार्डावर, त्याच खात्यावर, आणि पाठवणारी असते कंपनी. काळा पैसा फिरू नये म्हणून तो नियमच असतो. आपल्याकडं भरताना एक अनोळखी खातं आणि परत येताना तिसऱ्याच माणसाच्या नावानं आलेले पैसे. खाली शिक्का काहीही असो.

यूएसडीटीत धोका दुप्पट. ते विकत घेताना आणि विकताना समोर पुन्हा अनोळखी माणूसच असतो, त्याच्या खात्यातून आलेल्या पैशावरही होल्ड लागतो. नेटवर्क चुकीचं निवडून पाठवलं, म्हणजे पत्ता एका साखळीचा आणि पाठवणी दुसऱ्या साखळीवर, तर रक्कम बहुतेक वेळा गेलीच. तिथं यूटीआर नाही, बँक नाही, १९३० ला पुढं धरायला दोरी नाही.

वकील_पुसद

तिसरा आणि चौथा प्रश्न.

आधी कायदा कुठं आहे ते पाहू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा प्रचार व नियमन कायदा केला. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, नशिबाचा असो की कौशल्याचा, देणं बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत किंवा ५० लाखांपर्यंत, किंवा दोन्ही. पैशाचा व्यवहार करून देणाऱ्याला चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. खेळणाऱ्यासाठी मात्र या कायद्यात शिक्षा नाही. त्याच्याकडं फसवला गेलेला म्हणून पाहिलं आहे. त्यामुळं "तक्रार केली तर मीच आत जाईन" ही भीती साध्या खेळणाऱ्यानं बाळगायचं कारण नाही. ज्यानं इतरांकडून पैसे गोळा करून भरले, आपलं खातं किंवा सिम वापरायला दिलं, गटात आयडी वाटली, त्याची गोष्ट वेगळी आहे. त्यानं तक्रारीआधी वकिलाला भेटावं.

आता होल्ड. पुण्यात, राजस्थानात, केरळात कुठंतरी कोणाची फसवणूक होते. तो १९३० ला फोन करतो. त्याचे पैसे ज्या खात्यात गेले, तिथून पुढं ज्या ज्या खात्यांत फिरले, त्या सगळ्यांवर थर-थराने नोंद लागत जाते. कॅसिनोवाल्यानं तुमच्या गिऱ्हाइकाचं विड्रॉल त्याच खात्यातून दिलं असेल, तर तेही त्या साखळीत येतं. जिंकलेले ४,००० म्हणून जे आले ते कागदोपत्री दुसऱ्याच्या फसवणुकीचे पैसे आहेत. म्हणून खातं अडतं, आणि कधीकधी पैसे येऊन महिने झाल्यावर अडतं.

होल्ड दोन प्रकारचे असतात, आणि फरक महत्त्वाचा आहे. एकात फक्त वादातली रक्कम अडवतात, म्हणजे ४,००० सोडून बाकी वापरता येतात. दुसऱ्यात खात्यातून काढणंच पूर्ण बंद, मग त्यात कापसाचे ६०,००० असोत. शाखेत जाऊन तोंडी भांडण्यात अर्थ नाही. लेखी अर्ज द्या आणि चार गोष्टी मागा: तक्रारीचा पोच क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणं, वादातली रक्कम किती, तपास अधिकाऱ्याचा ईमेल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

मग त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टानं अर्ज. सोबत आधार, पॅन, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, ती जमा नोंद पिवळ्या रंगानं खूण करून, आणि बाकीचे पैसे कशाचे आहेत त्याचे कागद: बाजार समितीची पट्टी, जिनिंगची पावती, पीककर्जाची नोंद. मजकूर खरा लिहा. पैसे गेममधून काढलेले असतील तर तसंच लिहा. वादातली रक्कम अडवून बाकी खातं मोकळं करावं एवढीच मागणी ठेवा. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतंच खातं अडवावं असा आदेश दिला होता, त्याचा उल्लेख करता येतो. तो आपल्याकडं बंधनकारक नाही, पण बँकेचा विधी विभाग असे आदेश वाचतो.

तिथून काही हललं नाही तर न्यायालय. पोलिसांनी भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली खातं अडवलं असेल तर त्याची माहिती न्यायदंडाधिकाऱ्याला देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि रक्कम सोडण्यासाठी कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. गुन्हा परराज्यात असेल तर तिथल्या न्यायालयात जावं लागतं, हीच मोठी अडचण. रक्कम मोठी असेल तर नागपूर खंडपीठात रिट हा शेवटचा मार्ग.

तक्रार कशी करायची ते थोडक्यात. पैसे पाठवून काही तासच झाले असतील तर एकही मिनिट न घालवता १९३०. फोनवर पीडिताचं खातं, बँक, १२ आकडी यूटीआर, तारीख, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी विचारतात. हे कागदावर आधी लिहून मग फोन लावा. त्यानंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा, पोच क्रमांक घ्या, तो गिऱ्हाइकाच्या वहीत लिहून द्या. व्हॉट्सॲपवरची चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. लोक एजंटाला ब्लॉक करून रागानं चॅट पुसतात, तिथं मोठा पुरावा जातो. पुढं पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात लेखी. ठाण्यात घेतलंच नाही तर नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा.

आणि एक कळकळीची विनंती. शरमेपोटी लोक तक्रारीत "ओटीपी न देता आपोआप पैसे कटले" असं लिहायला लावतात. असं लिहू देऊ नका. बँकेच्या नोंदीत पिन टाकल्याचं दिसतं, तक्रार तिथंच पडते, आणि खोटी माहिती देणं हा वेगळा गुन्हा आहे. "अमुक आमिष दाखवून माझ्याकडून पैसे भरून घेतले, काढताना आणखी पैसे मागितले" हे खरं वाक्य फसवणुकीच्या कलमात नीट बसतं.

बँकशाखा_दिग्रस

वकीलसाहेबांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं लोक वाचून येतात. ते ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशाला ते लागू होत नाही. १९३० मधून पैसे मिळतात ते समोरच्या खात्यात शिल्लक अडवली गेली तरच, म्हणून वेळ महत्त्वाचा.

केंद्रचालक_आर्णी

सगळ्यायचे आभार. आणखी तीन गोष्टी निघाल्या. एक एजंट केंद्रावाल्यांना सांगून राहिला की लोकांकडून नगदी घ्या, तुमच्या क्यूआरवरून आयडीत टाका, शेकडा दोन रुपये तुमचे. दुसरं, बऱ्याच जणांनी हे ॲप प्ले स्टोअरवरून नाही, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून टाकलं आहे. तिसरं, ज्याचं खातं अडलं त्याचा पीएम किसानचा हप्ता त्याच खात्यात येते. तो कसा सोडवायचा?

वकील_पुसद

एजंटाला नाही म्हणा, आणि गटातल्या बाकी केंद्रचालकांनाही सांगा. हाच तो "पैशाचा व्यवहार करून देणारा". गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. खेळणाऱ्याला जो बचाव आहे तो तुम्हाला नाही. शिवाय केंद्राचं खातं साखळीत आलं की पीकविमा, वीजबिल सगळं त्याच खात्यातून चालतं, ते बंद पडेल. पासबुक, एटीएम, सिम "महिन्याला ५,००० भाडं" म्हणून मागणाऱ्यालाही हेच उत्तर.

मोबाईल_मोर्शी

फाइलमधून टाकलेल्या ॲपबद्दल. असं ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेते आणि पुष्कळदा ॲक्सेसिबिलिटीची पण. पहिलीनं बँकेचे ओटीपी तिकडं दिसतात, दुसरीनं स्क्रीन दिसते आणि बटणंही दाबता येतात.

आधी मोबाईल विमान मोडवर टाका, वायफाय बंद. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा, "डाउनलोड केलेली ॲप्स" मध्ये जे अनोळखी चालू आहे ते बंद करा. मग सिक्युरिटीत डिव्हाइस ॲडमिनची यादी, तिथूनही काढा. हे न करता थेट अनइन्स्टॉल दाबलं तर पुष्कळदा बटण पुसट दिसते किंवा पान आपोआप मागं जाते, लोक म्हणतात "निघतच नाही". तरी निघत नसेल तर सेफ मोडमध्ये चालू करून काढा. त्यानंतर विमान मोड काढून कॉल फॉरवर्डिंग कुठल्या नंबरवर लागलं आहे का ते फोनच्या सेटिंगमधून पाहा.

यूपीआय पिन आणि बँकेचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मोबाईलवरून. त्याच मोबाईलवर बदलले तर नवा पिनही तिकडं जाईल. मोबाईल पूर्ण रिसेट करणार असाल तर त्याआधी चॅट, स्क्रीनशॉट आणि ती फाइलच दुसरीकडं काढून ठेवा, पोलिसांना लागते.

ज्या नंबरवरून आयडीचे मेसेज येतात तो संचार साथी या सरकारी पोर्टलच्या चक्षू सोयीवर कळवता येतो. त्याच पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसते. एजंटाला आधारचा फोटो दिलेल्या प्रत्येकाचं ते पाहून घ्या.

बँकशाखा_दिग्रस

हप्त्याचं सोपं आहे, पण हे पुढच्या हप्त्यांसाठी. अडलेल्या खात्यात पैसे जमा होत राहतात, निघत नाहीत. जो २,००० चा हप्ता आधीच पडला तो खातं मोकळं होईपर्यंत तिथंच राहील.

पीएम किसान, नमो शेतकरी, लाडकी बहीण यांचे पैसे आधारला जोडलेल्या बँकेत जातात, आणि जोडणी सर्वात शेवटी जिथं केली ती धरली जाते. तर दुसऱ्या बँकेत किंवा टपाल कार्यालयात पोस्ट पेमेंट्स बँकेचं नवं खातं उघडा आणि उघडतानाच "डीबीटीसाठी आधार जोडणी" च्या (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याच्या) संमतीवर सही करा. नुसतं आधार देऊन केवायसी झाली म्हणजे जोडणी झाली असं नाही, अर्ज वेगळा असतो आणि इथंच निम्मे लोक चुकतात. दोन-चार दिवसांनी माय आधार पोर्टलवर लॉगिन करून "बँक सीडिंग स्टेटस" पाहा. तिथं नव्या बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह असं आलं पाहिजे. जुनंच नाव दिसत असेल तर नव्या बँकेत पुन्हा अर्ज द्या, जुन्या शाखेत खेटे घालू नका.

त्या नव्या खात्याला यूपीआय जोडूच नका, किंवा जोडलं तर बँकेकडून रोजची मर्यादा १,००० वगैरे करून घ्या. घरातल्या माणसाच्या हातून खेळ सुटत नसेल तर ही मर्यादा खूप कामी येते. सोबत टेलिमानसचा नंबर लिहून द्या, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येते.

पीककर्जाचं खातं त्याच बँकेत असेल आणि बचत खातं अडलं असेल तर शाखेत विचारून घ्या की कर्जाची परतफेड दुसऱ्या खात्यातून किंवा रोखीनं घेतील का. घेतात. ३१ मार्च जवळ असेल तर हे आधी करा, नाहीतर खातं अडल्यामुळं भरणा राहिला तरी व्याज सवलत जाते.